कक्ष सातचे प्रलंबित प्रकरण

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रत्नप्रभा बिडकरांच्या मोबाइलवर शासनाचा निरोप आला. ‘आपले बंधू श्री. मुकुंद तांबवे यांच्या मानसिक स्थितीची पाच विभागांनी दखल घेतली आहे. आपण निश्चिंत राहावे. – सांगाती.’

निश्चिंत राहावे! रत्नप्रभाबाईंनी एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली होती. जिल्हाधिकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटल्या आणि दोन वर्षांपूर्वी एका कक्षाच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या. असली वाक्यं त्यांनी स्वतः हजारांनी टाइप केली होती. त्यामुळे त्यांचा खरा अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता. त्यांनी मुकुंदाला फोन लावला. घंटा वाजून वाजून बंद झाली. मग त्यांनी देवदऱ्याच्या फिल्टर हाऊसला फोन लावला. शहराचं पाणी शुद्ध करणाऱ्या त्या केंद्रात मुकुंदा सव्वीस वर्षं ऑपरेटर होता.

“साहेब परवापास्नं पंपाच्या खोलीत हायेत,” वॉचमन म्हणाला. “आतनं कडी लावलीय. पाणीबी पीत न्हाईत.”

“परवापासून? आणि मला आज सांगतोस?”

“म्या कशाला सांगू, मॅडम? सांगाती सांगतंय की सगळ्यास्नी.”

रत्नप्रभाबाईंना त्या माणसाला फोनमधून बाहेर ओढून बडवावंसं वाटलं. एप्रिलचं ऊन, बेचाळीस अंश तापमान, दोन दिवस पाणी नाही आणि सांगाती सांगतंय! त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि रिक्षा पकडली.

हे सांगाती प्रकरण जिल्ह्यात येऊन दीड वर्ष झालं होतं. त्यामागचं शास्त्र मात्र खरोखर चांगलं होतं, हे रागाच्या भरातही मान्य करायला हवं. ज्यांना पूर्वी मनाचा मोठा आजार होऊन गेला आहे, अशांच्या मनगटावर, त्यांची संमती घेऊन, एक पातळ पट्टी बांधायची. ती झोप मोजते, नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजते आणि माणूस बोलताना कुठे, किती थांबतो तेही टिपते. माणूस पुन्हा कोसळण्याच्या साधारण तीन दिवस आधी या तिन्हींची लय एका विशिष्ट पद्धतीने बिघडते, असा शोध लागला होता. घरच्यांच्या लक्षात येण्याआधी ते पट्टीच्या लक्षात येई.

खरी करामत पुढची होती. पूर्वी अशा वेळी नातेवाइकांनी दारोदार फिरायचं. पोलीस म्हणणार दवाखान्यात जा, दवाखाना म्हणणार पोलिसांना घेऊन या, समाजकल्याण म्हणणार अर्ज करा. आता पट्टीचा इशारा एकाच क्षणी पोलीस, रुग्णालय, अग्निशमन, नगरपालिका आणि समाजकल्याण अशा पाचही ठिकाणी जाई. त्यातला कोणता विभाग पुढे होणार ते सांगाती यंत्र ठरवी. त्याला ‘अग्रणी’ म्हणत. बाकीच्यांनी अग्रणी सांगेल तसं वागायचं. पाच माणसांनी एकदम अंगावर धावून जाऊ नये म्हणून हा नियम केला होता, आणि तो शहाणपणाचा होता. दहा वर्षांपूर्वी मुकुंदा पहिल्यांदा कोसळला तेव्हा त्याच्या अंगावर पाच जण धावून गेले होते. त्यात त्याचा खांदा निखळला होता.

रिक्षा फिल्टर हाऊसच्या फाटकाशी थांबली तेव्हा रत्नप्रभाबाईंना आश्चर्याचा धक्का बसला. सगळे आले होते! कडुनिंबाच्या सावलीत पोलिसांची जीप, रुग्णवाहिका आणि अग्निशमनचा बंब ओळीने उभे होते. समाजकल्याणची एक बाई फाइल मांडीवर घेऊन बसली होती, पालिकेचे एक साहेब कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होते. कोणीतरी सगळ्यांसाठी चहा मागवला होता.

“कधी आलात तुम्ही?”

“सव्वासातला,” हवालदार भिलारे अदबीने उठून उभे राहिले. “मेसेज आल्यापास्नं अकरा मिन्टांत, ताई.”

“मग दोन तास इथे काय करताय?”

“अग्रणी न्हाई ना आम्ही. सकाळी व्हतो. मग दार बंद हाय म्हणून यंत्रानं अग्निशमनकडं वर्ग केलं.”

“आमच्याकडून पालिकेकडे गेलं,” बंबावरचे इनामदार म्हणाले. “जागा त्यांची आहे म्हणून.”

“पालिकेकडून समाजकल्याणकडे,” रुग्णवाहिकेच्या दारात बसलेल्या सिस्टर साळवे म्हणाल्या. “तिथून आमच्याकडे आलं होतं. मी आत निघालेच होते. तेवढ्यात खोली आतून बंद आहे म्हणून परत पोलिसांकडे गेलं. ही तिसरी फेरी चालू आहे, आत्ता पालिकेकडे. मला पाच मिनिटं द्या म्हटलं, नुसती दाराशी बसून बोलते. तर अग्रणी नसताना गेलात तर निलंबन, असा निरोप आला.” त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. त्या चहाला त्यांनी तोंड लावलं नव्हतं.

रत्नप्रभाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. यातला एकही माणूस कामचुकार नव्हता, हाच त्या संतापाचा सगळ्यात वाईट भाग होता. भांडायचं तरी कोणाशी?

त्यांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला. परांडकर नावाचा तरुण अभियंता बोलायला आला. आवाज इतका गोड होता की त्यांना आणखीनच चीड आली.

“मॅडम, प्रकरण योग्य मार्गावर आहे. यशाची शक्यता सत्त्याण्णव टक्के दिसतेय.”

“अहो, माझा भाऊ कोंडून घेऊन बसलाय आणि पाच खात्यांची माणसं बाहेर चहा पितायत. सत्त्याण्णव टक्के कशाचं यश?”

“प्रकरण निकाली निघण्याचं.”

“आणि हे तुमच्या यंत्राला कुणी शिकवलं?”

परांडकरला विषय आवडीचा निघाला. “त्याचं असं आहे, मॅडम. यंत्राला आम्ही नियम सांगत नाही. जुन्या नोंदी दाखवतो. कोणत्या परिस्थितीत काय केलं आणि त्याचा शेवट काय झाला. शेवट ‘निकाली’ असेल तर ते चांगलं, ‘प्रलंबित’ असेल तर वाईट. हजारो नोंदी पाहून ते स्वतःच शिकतं. यंत्राच्या लक्षात आलं की प्रकरण दुसऱ्या विभागाकडे वर्ग केलं की ते जवळपास हमखास निकाली निघतं. म्हणून ते वर्ग करतं.”

“कुठल्या नोंदी?”

“आपल्याच जिल्ह्याच्या. कक्ष सात म्हणून होता ना पूर्वी, मानसिक आरोग्य मदत कक्ष, त्याच्या सतरा वर्षांच्या नोंदी. इतक्या स्वच्छ नोंदी राज्यात कुठे नाहीत. कोणी आर. एम. बिडकर म्हणून होत्या...”

पुढचं रत्नप्रभाबाईंना ऐकू आलं नाही. त्या फाटकाच्या कट्ट्यावर बसल्या. उन्हाने तापलेला तो दगड चटके देत होता, पण त्यांना उठवेना.

कक्ष सात त्यांचाच होता. त्याच्या मासिक अहवालात रकाने दोनच होते, ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’. एखादं प्रकरण पोलिसांकडे किंवा रुग्णालयाकडे पाठवलं तर ते कुठे लिहायचं? प्रलंबितमध्ये लिहिलं की महिन्याच्या बैठकीत सगळ्यांदेखत उभं करून खरडपट्टी निघे. पहिल्याच वर्षी दोनदा निघाली. तेव्हापासून रत्नप्रभाबाईंनी पद्धत पाडली. पत्र गेलं, ‘वर्ग केले’ असा शेरा मारला, की नोंद निकालीत. सगळी कचेरी तेच करत होती, त्यांनी फक्त नेटकं केलं.

पण तेवढ्यावर त्या थांबत नसत, हेही तितकंच खरं. निकालीचा शिक्का मारून झाला की त्या फोन घेऊन बसत. ‘अहो, त्या वडाच्या वाडीच्या मुलीकडे कोणी गेलं का?’ ‘गोळ्या मिळाल्या का?’ ‘आईला रात्री झोप लागते का?’ कोणीतरी प्रत्यक्ष घरी पोचेपर्यंत त्या सगळ्यांचं डोकं खात. हवालदार त्यांच्या फोनला घाबरत. माणसं वाचत ती त्या फोनांमुळे. पण फोनांसाठी अहवालात रकाना नव्हता. यंत्राला शिक्का दिसला, फोन दिसला नाही. ते बिचारं शिकणार तरी काय?

सतरा वर्षांत एकाच प्रकरणात त्यांनी शिक्का मारून फोन केला नव्हता. मुकुंदाच्या. घरातलं प्रकरण, कचेरीत चर्चा नको, म्हणून ‘पोलीस विभागाकडे वर्ग, निकाली’ असं लिहून त्या घरी दार लावून बसल्या होत्या. त्या संध्याकाळी त्याचा खांदा निखळला. त्यानंतर मुकुंदा बरा झाला, कामावर गेला, भाऊबीजेलाही येत राहिला. पण त्या कागदाविषयी दोघांमध्ये कधी अवाक्षर निघालं नाही.

“मॅडम? आहात ना?” परांडकर विचारत होता.

“आर. एम. बिडकर मीच. तुमच्या यंत्राला जे निकाली वाटतंय ना, ते निकाली नव्हतं. मी खोटं लिहिलं होतं.”

त्या कट्ट्यावरून उठल्या.

“आता ऐका. तुमच्या यादीत कक्ष सात अजून आहे का बघा.”

“कक्ष बंद झाला, मॅडम.”

“तो बंद करण्याची फाइल मीच पाठवली होती. ती सामान्य प्रशासनाने नगररचनेकडे वर्ग केली. बघा तर खरं.”

कळफलकाचा आवाज आला. “अरे... आहे की. क्रियाशील दिसतोय. प्रमुख बिडकर, मोबाइल नंबर हाच.”

“प्रकरण माझ्याकडे वर्ग करा.”

“हे नियमात बसत नाही.”

“नियमात न बसणारं मी सतरा वर्षं कसं बसवलं, त्यावर तर तुमचं यंत्र पोसलंय. करा वर्ग, नाहीतर तिकडे येऊन बसते.”

मिनिटभराने सगळ्यांचे फोन एकदम वाजले. ‘अग्रणी विभाग : कक्ष सात.’ भिलारेंनी फोनकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि सवयीने टाचा जुळवल्या. “तरीच म्हणलं वळखीचा आवाज. बिडकरबाई! लई फोन खाल्लेत तुमचे.”

पंपाच्या खोलीचं दार लोखंडी होतं, वरच्या बाजूला हात जाईल एवढ्या मोकळ्या गजांची जाळी. रत्नप्रभाबाईंनी सिस्टर साळव्यांना सोबत घेतलं आणि बाकीच्यांना पायऱ्यांखाली थांबवलं. आत पंपाची घरघर चालू होती.

“मुकुंदा, मी आहे.”

आतून पावलं दाराशी आली. मग घसा सुकलेला आवाज आला. “आक्का? आता कुणाकडं वर्ग करणारेस?”

दहा वर्षं हा प्रश्न कुठेतरी ठेवलेला होता. त्यावर द्यायची उत्तरं त्यांनी कितीदा तरी मनात घोळवली होती, सगळी नीट सारवासारव केलेली. आता त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

“कुणाकडे नाही. त्या वेळी केलं. सही माझीच होती. नुसती सही करून मी घरी बसले, तुझ्याबरोबर आले नाही. चुकलं माझं, मुकुंदा. फार चुकलं.”

पंप घरघरत राहिला. जाळीमागे त्याचा चेहरा आला. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. हातात काचेची नळी होती.

“पाणी बिघडलंय, आक्का. सगळं गाव पितंय. मी तीन दिवस बघतोय, रंग येत नाही. मला झोपून चालायचं नाही. मी झोपलो की ते सोडतील पाणी.”

“ते म्हणजे कोण?” असं विचारायला रत्नप्रभाबाईंनी तोंड उघडलं, पण सिस्टरनी हलकेच त्यांच्या दंडावर हात ठेवला. “दादा, कसला रंग?” सिस्टरनीच विचारलं.

त्याने नळी जाळीला लावली. “ओ.टी. टेस्ट. पाण्यात थेंब टाकले की पिवळं व्हायला पाहिजे. तर त्यात क्लोरीन आहे. हे बघा, पांढरं ते पांढरंच. मीटर बरोबर दाखवतंय म्हणतात. मीटरचं काय ऐकता? मी सव्वीस वर्षं डोळ्यांनी बघतोय.”

“त्या थेंबांची बाटली दाखव,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

बाटली जाळीपाशी आली. डोळ्यांवर चष्मा चढवून त्यांनी लेबल वाचलं, आणि कारकुनी डोळा तारखेवर थांबला. बाटलीची मुदत संपून आठ महिने झाले होते.

“मला ठाऊक आहे,” मुकुंदा म्हणाला. “नवी द्या म्हणून चार पत्रं लिहिली. पालिकेनं आरोग्य खात्याकडं वर्ग केली. आरोग्यनं पाणीपुरवठ्याकडं. शेवटच्या पत्राला उत्तर आलं, निकाली. बाटली आलीच नाही. मग मला वाटायला लागलं, मुद्दामच देत नाहीत.”

रत्नप्रभाबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. “भिलारे, वरिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जा. क्लोरीन तपासायच्या थेंबांची ताजी बाटली आणा. सीलबंद हवी.”

“पोलिसानं बाटली आणायची? हे कुठल्या कलमात...”

“तुम्ही परत येईपर्यंत शोधून ठेवते.”

भिलारे हसले आणि जीपकडे पळाले. इनामदारांनी न सांगता बंबाची घंटा काढून टाकली, भोंग्याची वायरही सोडवली. “चुकून वाजला तर बिचकतील,” ते म्हणाले. समाजकल्याणच्या बाईंनी घरून आणलेला मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. पालिकेच्या साहेबांना मात्र काय करावं सुचेना. त्यांना रत्नप्रभाबाईंनी चार पत्रं शोधायला पाठवलं.

मध्येच त्यांचा फोन थरथरला. ‘चाळीस मिनिटे पूर्ण. प्रकरण पोलीस विभागाकडे वर्ग करण्याची शिफारस. होय की नाही?’ त्यांनी ‘नाही’ इतक्या जोरात दाबलं की बोट दुखलं.

बाटली साडेअकराला आली. सील मुकुंदानेच फोडावं म्हणून ती जाळीतून आत दिली. त्याने नळी धुऊन पुन्हा पाण्याने भरली. एक, दोन, तीन, चार थेंब. नळीच्या तळाशी पिवळी रेघ उतरली आणि हळूहळू सगळं पाणी पिवळं झालं. मुकुंदाने दुसऱ्या नळाचं पाणी घेतलं. तेही पिवळं. मग तिसऱ्याचं.

“आहे,” तो म्हणाला. “क्लोरीन आहे.” आणि लोखंडी दाराला पाठ टेकून खाली बसला.

त्या पिवळ्या रंगाने आजार बरा झाला, असं कोणी समजू नये. तसं होत नाही. पुढचा तासभर तो मधूनच ‘ते पाणी सोडतील’ म्हणत होता, कधी रडत होता. पण त्याने तांब्यातलं पाणी प्यायलं. सिस्टरनी जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोनवर घेतलं, तो त्यांच्याशी दोन वाक्यं बोलला. आणि पाऊण वाजता आतली कडी निघाली.

“तू चढणार आहेस का गाडीत?” त्याने विचारलं. “नुसती सही नाही ना करणार?”

“सरक पलीकडे,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि रुग्णवाहिकेत त्याच्या शेजारी बसल्या.

त्या रात्रीपासून सांगाती रोज विचारत असे, ‘प्रकरण निकाली काढावे काय?’ त्या रोज ‘प्रलंबित’ दाबत. तीन आठवडे तो रुग्णालयात होता, तेव्हाही. तिथून त्यांच्याच घरी राहायला आला, गोळ्या सुरू राहिल्या, तेव्हाही. जिल्ह्याच्या फलकावर सगळ्या हिरव्या ठिपक्यांत हा एकच लाल ठिपका बैठकीत साहेबांना खुपू लागला. शेवटी कचेरीतून फोन आला. “बिडकर मॅडम, अहो, बरे झाले ना तुमचे बंधू? काढून टाका की.”

“बरा होतोय,” त्या म्हणाल्या. “झाला की कळवीन. तोवर लाल राहू द्या.”

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी, त्या भाकरी थापत असताना, फोन वाजला. ‘मौजे कासारवाडी येथील श्रीमती शेवंता दुधाळ यांचे प्रकरण कक्ष सातकडे वर्ग करण्यात आले आहे. आपण अग्रणी आहात.’ पाठोपाठ दुसरा निरोप. तिसरा. रत्नप्रभाबाईंनी पिठाच्या हाताने परांडकरला फोन लावला.

“चूक नाही, मॅडम,” तो ओशाळून म्हणाला. “यंत्र रोज शिकतं. त्याच्या लक्षात आलंय की इतर कुठेही वर्ग केलेलं प्रकरण परत फिरून येतं. फक्त कक्ष सातकडे गेलेलं परत येत नाही. आम्ही दुरुस्ती करतोय. पण वेळ लागेल. फाइल वर्ग झालीय.”

“मी निवृत्त झालेय! साठ वर्षांची आहे मी! तुमचं ते यंत्र, तो फलक, सगळं नेऊन विहिरीत टाका!” त्यांनी फोन कटकन बंद करून कॉटवर फेकला. सतरा वर्षं दुसऱ्यांची कामं केली, आता यंत्रालाही दुसरं कोणी सापडेना? तव्यावरची भाकरी करपली, ती त्यांनी दातओठ खात उलटली.

मुकुंदा स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून ऐकत होता. रोजच्यासारखं त्याने आधी नळाच्या पाण्यात थेंब टाकून रंग बघितला, मग पेलाभर पाणी प्यायलं. कॉटवरचा फोन उचलून त्याने तो निरोप दोनदा वाचला.

“आक्का, या बाईच्या दारात आत्ता पाच गाड्या उभ्या असतील.”

“असू देत.”

“ती आत असेल.”

रत्नप्रभाबाईंनी गॅस बंद केला. हात धुतले. चष्मा शोधू लागल्या, तर तो त्याच्याच हातात होता. त्याने पायात चपलाही घातल्या होत्या.

“तू कुठे निघालास?”

“तुझ्याबरोबर,” मुकुंदा म्हणाला. “दारात बसून काय बोलायचं ते तुला अजून नीट येत नाही.”